शाळेची वाट आणि हजेरीपट

हजेरीपटावर एखाद्या मुलाच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडू लागली, म्हणजे तिचे कारण बहुधा मुलाच्या घरात शोधले जाते. आईबाप बेफिकीर आहेत, मूल खोडकर आहे, भातलावणी निघाली आहे, धाकटे भावंड सांभाळावयाचे आहे, अशी उत्तरे ठरलेली असतात आणि ती पुष्कळदा खरीही असतात. परंतु घर आणि शाळा या दोहोंच्या मध्ये आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे शिक्षकाचे लक्ष क्वचितच जाते. ती गोष्ट म्हणजे वाट. मूल घरून निघाले आणि शाळेत पोहोचले नाही, किंवा त्या वाटेच्या भयाने घरून निघालेच नाही, असे किती वेळा घडते याची नोंद कोणत्याही पटावर होत नाही. प्रस्तुत लेखात या वाटेचाच विचार करावयाचा आहे.

चालत शाळेत जाणे ही आपल्याकडे अपवादाची नव्हे, नियमाची गोष्ट आहे. २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत देशातील दर १०० विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६० विद्यार्थी पायीच जातात असे आढळले, आणि मुलींमध्ये हे प्रमाण मुलांहून अधिक दिसले. मुली अधिक चालतात याचा फारसा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. घरात एकच सायकल असली म्हणजे ती कोणाच्या वाट्यास येते, हे खेड्यातील शिक्षकास सांगावयास नको.

अंतराचा प्रश्न कागदोपत्री बराच सुटलेला आहे. लहान मुलांची शाळा घरापासून सुमारे एका मैलाच्या आत असावी, ही अपेक्षा १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने मांडली होती. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याखालील महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हे अंतर ठरविले. त्यापूर्वी दुर्गम पाड्यांवर आणि वस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या होत्या. त्यांतील कित्येक पुढे जिल्हा परिषदेच्या नियमित शाळा झाल्या. याचे श्रेय ज्यांना आहे त्यांना ते द्यावयास हवे. तरीही पट आणि उपस्थिती यांच्यातील तफावत उरतेच. कारण नियमातील अंतर आणि मुलाच्या पायाखालचे अंतर ही एकच वस्तू नव्हे.

सहा वर्षांचे मूल एक किलोमीटर चालावयास सरासरी वीस मिनिटे घेते. पाठीवर दप्तर असेल, वाट चढाची असेल, तर अर्धा तास सहज लागतो. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे राज्य शासनाने २०१५ मध्येच ठरवून दिले आहे. अठरा किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ पावणेदोन किलोच्या आसपास होतो. एक पाण्याची बाटली, दोन वह्या आणि तीन पुस्तके एवढ्यानेच ही मर्यादा गाठली जाते. गावठाणात राहणाऱ्या मुलास हे ओझे पाच मिनिटे वाहावे लागते, माळावरील मुलास अर्धा तास. दोघांच्या दप्तराचे वजन सारखे भरले तरी दोघांचे ओझे सारखे नसते.

उदाहरणादाखल एका कल्पित शाळेचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. शाळा गावठाणाच्या पूर्वेस आहे. गावठाणातील मुले पाच मिनिटांत पोहोचतात. दुसरी वस्ती मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, अवघ्या चारशे मीटरांवर आहे. तिसरी ओढ्याच्या पलीकडे माळावर असून नकाशावर ती ९०० मीटर दिसते. पायवाटेने गेल्यास ती बाराशे मीटर भरते, आणि ओढ्यास पाणी असेल तेव्हा पुलावरून वळसा घालून अडीच किलोमीटर. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ही शाळा माळावरील मुलांसाठी नियमाच्या आणखीच बाहेर जाते, परंतु नोंदीत मात्र ती वर्षभर एक किलोमीटरच्या आतच राहते. अंतर मोजावयाचे ते मुलाच्या पायवाटेने मोजावे, ओढ्यावरून उडत जाणाऱ्या बगळ्याच्या वाटेने नव्हे. निश्चित अंतरात शाळा नसलेल्या मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्त्याची तरतूद ठेवण्यात आली, परंतु असे मूल आपल्या शाळेत आहे हे मुख्याध्यापकाने मोजमापासह कळविल्यावाचून वरच्या कार्यालयास ते कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

ओढ्याविषयी येथे थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण तेथे प्रश्न केवळ उपस्थितीचा नसून जिवाचा असतो. कोकणात व सह्याद्रीच्या कुशीतील गावांत ओढ्यांवर साकव असतात. त्यांतील काही लाकडी, काही लोखंडी, काही काँक्रीटचे असून कित्येकांचे कठडे गेलेले असतात. जेथे साकवही नाही तेथे मुले दगडांवरून पाय टाकीत जातात. या ओढ्यांचा स्वभाव फसवा असतो. गावात पावसाचा थेंब नसतानाही वर डोंगरात झालेल्या सरीचे पाणी तास-दीड तासाने खाली उतरते. सकाळी मुले कोरड्या पायांनी आलेली असतात आणि सायंकाळी तोच ओढा दुथडी भरलेला असतो. गुडघाभर वाहते गढूळ पाणी मोठ्या माणसाचाही पाय काढते, मग दुसरीतील मुलाची कथा काय? आईबाप पावसाळ्यात मूल घरी ठेवतात, तेव्हा त्यांस शिक्षणाची आस्था नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांनी ओढा पाहिलेला असतो, शिक्षकाने पुष्कळदा पाहिलेला नसतो. ज्या शाळेची मुले ओढा ओलांडून येतात त्या शाळेत पावसाच्या दिवसांत मुले सोडण्यापूर्वी कोणीतरी मोठ्या माणसाने ओढ्यापर्यंत जाऊन पाणी पाहून येणे हा शाळेच्या कामाचाच भाग समजला पाहिजे. पाणी असेल तर मुले शाळेत थांबवावीत व पलीकडे निरोप द्यावा. आज जवळजवळ प्रत्येक वस्तीवर एखादा तरी भ्रमणध्वनी आहे. तो क्रमांक वर्गाच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

अंतर आणि पाणी यांच्या खालोखाल, किंबहुना काही ठिकाणी त्यांच्याही वर, ज्या गोष्टीचा परिणाम होतो ती म्हणजे सोबत. लहान मूल एकटे चालत नाही, ते कोणाच्या तरी बरोबर चालते. बहुतेक वेळा ही सोबत मोठ्या बहिणीची असते. बहीण चौथीत आणि भाऊ पहिलीत असे असते तोवर दोघांचीही हजेरी नीट लागते. पुढील जूनमध्ये बहीण पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत जाऊ लागते. तिची वेळ निराळी, वाट निराळी. भाऊ दुसरीत जातो आणि जुलैपासून त्याच्या खाड्यांना आरंभ होतो. शिक्षकाच्या दृष्टीने मुलात अकस्मात बिघाड झालेला असतो. प्रत्यक्षात मूल पूर्वीचेच असते, त्याचे बोट धरणारा हात तेवढा गेलेला असतो. म्हणून चौथीची किंवा पाचवीची मुले शाळा सोडून जातात त्या एप्रिल महिन्यातच, त्यांच्या बरोबर येणारी लहान मुले कोणती आणि जूनपासून ती कोणाबरोबर येणार, हे विचारून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

सोबत मोडण्याचे दुसरे कारण अलीकडच्या काळातील आहे. सकाळी आठच्या सुमारास वस्तीवर एक पिवळी गाडी येते आणि काही मुलांना तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घेऊन जाते. दहा-बारा किलोमीटरवरील शाळेस मूल गाडीने जाते आणि हाकेच्या अंतरावरील शाळेस जाणारे मूल चालते, त्यामुळे चालणे हे गरिबीचे चिन्ह ठरू लागते. पालकांच्या निवडीस नावे ठेवण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु तिचा वाटेवर होणारा परिणाम ध्यानात घ्यावयास हवा. पूर्वी माळावरून बारा मुले एकत्र निघत असतील तर आता पाच निघतात. बारा मुलांच्या घोळक्यास कुत्रे भीत असे, आता पाच मुले कुत्र्यास भितात. वाट जितकी ओस पडते तितके तिचे भय वाढते, आणि भय वाढले म्हणजे राहिलेल्या पाचांपैकी ज्यांना परवडते तेही गाडीकडे वळतात. शेवटी ज्यांना दुसरा इलाजच नाही अशी दोन मुले उरतात. अशा रीतीने शाळेची पटसंख्या घटते. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने जिल्ह्यांकडून मागविले, त्या वेळी पालकांनी आणि शिक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो मुलांच्या येण्याजाण्याचाच होता. तो योग्यच होता.

रस्त्याच्या पलीकडील वस्तीचा प्रश्न याहून निराळा आहे. तेथे अंतर चारशे मीटरच, पण मध्ये वाहनांचा अखंड ओघ. चौपदरी झालेल्या रस्त्यांनी कित्येक गावांचे दोन भाग केले आहेत, आणि भुयारी मार्ग गावकऱ्यांच्या नेहमीच्या वाटेवर असतोच असे नाही. लहान मुलास येणाऱ्या वाहनाचा वेग नीट उमगत नाही. वाहन दूर आहे एवढेच त्यास दिसते, ते किती लवकर जवळ येईल हे कळत नाही. ही त्याची बेपर्वाई नसून वयाची मर्यादा आहे, म्हणून ‘जपून जा’ एवढ्या उपदेशाने तिचा परिहार होत नाही. पहिली-दुसरीच्या मुलास हात धरूनच रस्ता ओलांडवावा लागतो. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की, दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेची उरलीसुरली जागाही व्यापतात, आणि मुले धुरळ्यात चालतात. याच हंगामात कारखान्याच्या परिसरात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. त्यांतील मुलांना जवळच्या शाळेत वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. परंतु परक्या गावची वाट त्यांस ठाऊक नसते आणि आईबाप पहाटेच फडात गेलेले असतात. अशा मुलांना शाळेत आणण्याचा साधा उपाय म्हणजे पहिले आठ दिवस शाळेतील मोठ्या मुलांनी कोप्यांवरून त्यांना हाक मारीत यावे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत उसात बिबट्याचा वावर असतो. तेथे तर एकट्यादुकट्या मुलास उसाच्या कडेने पाठविणे सर्वथा टाळले पाहिजे. मुलांनी घोळक्याने, मोठ्याने बोलत आणि उजेडात चालावे.

मुलींच्या बाबतीत वाटेचा विचार केवळ किलोमीटरांत करून भागत नाही. वाटेवर कोण बसते, यावर तो अवलंबून असतो. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांना शाळेत जाता-येता लोकांनी चिखल, शेण व दगड मारले. शाळेत नेसावयास त्या दुसरे लुगडे बरोबर नेत, हे सर्वांस ठाऊक आहे. शाळा बंद करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिची वाट बंद करणे, हे त्या लोकांस उमगले होते. आज शेण मारणारे नसतील, पण पारावर टवाळक्या करणारे, दुचाकीवरून मुलींच्या मागेपुढे घिरट्या घालणारे आणि दारूच्या दुकानाशी उभे राहणारे असतात. सहावी-सातवीतील मुलगी याविषयी घरी बोलत नाही. बोलली तर शाळा बंद होईल ही तिची भीती अनाठायी नसते. वर्गशिक्षिकेस मात्र विश्वासाने विचारल्यास ती सांगते. अशा वेळी मुलीस दोष न देता, तिच्या शाळेत येण्यास बाध न आणता, तो प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि प्रसंगी पोलीस पाटलांकडे नेणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

सोय केली असता काय घडते याचे एक उदाहरण बिहारचे आहे. तेथे २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी शासनाने पैसे दिले. पुढे झालेल्या अभ्यासात माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या सुमारे एकतृतीयांशाने वाढल्याचे आढळले, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटर वा अधिक दूर असलेल्या गावांतून झाली होती. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली आणि एस.टी.च्या बसगाड्या यांची सोय झाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर शाळांबरोबर वसतिगृहांवर एवढा भर का दिला, याचे एक उत्तर याच प्रश्नात आहे. जेथे वाट चालवत नाही तेथे मुक्कामाची सोय करावी लागते.

वाटेवरील माणसांचा उल्लेख झाला म्हणून आणखी एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. पायवाट पुष्कळदा कोणाच्या तरी बांधावरून जाते. बांधभावांत वाद झाला, किंवा विशिष्ट वस्तीतील लोकांनी आपल्या रानातून जाऊ नये असे कोणाच्या मनाने घेतले, की वाट नांगरली जाते अथवा काटेरी कुंपण पडते. दोन मोठ्यांच्या भांडणात पंधरा मुलांचा वळसा वाढतो. वाट अडविल्यास ती मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये तहसीलदारांस आहे, आणि शेत व पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही जाहीर केली. तथापि शिक्षकाने स्वतः या वादात पक्षकार होऊ नये. मुलांची नावे, वर्ग आणि वाढलेले अंतर एवढेच कागदावर मांडून तो कागद समितीच्या सभेत ठेवावा. मुलांची नावे वाचून दाखविली म्हणजे कुंपण घालणाऱ्यासही पुष्कळदा संकोच वाटतो, हा अनेक ठिकाणचा अनुभव आहे.

ऋतूंपैकी उन्हाळ्याकडे विशेष लक्ष हवे. विदर्भ-मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते ती मुलांच्या सोयीसाठीच. परंतु सात वाजता भरणाऱ्या शाळेसाठी दूरच्या वस्तीवरील मूल सहा वाजता उपाशीपोटी निघते आणि सुटल्यावर भर उन्हात परतते. कित्येकांच्या पायांत चप्पल नसते. शाळेत मिळणारा पोषण आहार त्याच्या वाटेला लागेल अशा वेळी, म्हणजे सुटण्यापूर्वी, आणि निघताना बाटली भरून पाणी, एवढी काळजी घेतली तरी फरक पडतो.

आता या वाटेच्या अखेरच्या टोकाचा विचार करावयाचा, म्हणजे शाळेच्या दाराचा. माळावरील मूल धापा टाकीत पोहोचते तेव्हा परिपाठ संपलेला असतो. त्यास दाराबाहेर उभे केले जाते, किंवा सर्वांदेखत ‘आलात का साहेब’ असे विचारले जाते, आणि वर्ग हसतो. यात मारहाण नसते, म्हणून शिक्षकास ती शिक्षा वाटत नाही. वस्तुतः अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केलेली आहे. दोन-तीन वेळा असे घडले, की पुढच्या वेळी उशीर झाल्याचे वाटेत ध्यानी येताच ते मूल मागे फिरते, आणि घरी रागावतील म्हणून दिवसभर ओढ्याकाठी किंवा देवळात बसून राहते. पटावर गैरहजेरी लागते. अर्धा तास चालून आलेल्या आणि दारात उभे राहणाऱ्या मुलाने त्या दिवशी वर्गातील सर्वांपेक्षा अधिक श्रम केलेले असतात. ओढा, रस्ता, ऊस आणि बांध यांवर शिक्षकाची सत्ता चालत नाही, या दारावर मात्र चालते. उशिरा आलेल्या मुलास आत घ्यावे, पाणी प्यावयास द्यावे आणि कारण नंतर, एकट्याला विचारावे.

प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेच्या दूरच्या वस्तीवरून एकदा तरी मुलांबरोबर चालत यावे. दुचाकीवरून वस्ती पाहणे आणि मुलाच्या चालीने येणे यांत महदंतर आहे. मुलांशी बोलत चालले, की कोणते कुत्रे धावते, कोणत्या विहिरीस कठडा नाही, कोठे साप निघतो, कोणाच्या दारात पाणी मिळते, हे सर्व न विचारता कळते. तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात नकाशाचा पाठ असतोच. त्या पाठाच्या वेळी मुलांकडून आपल्या वाटेचा नकाशा काढवून घ्यावा आणि भीतीच्या जागा लाल खडूने दाखवावयास सांगाव्यात. अनेक मुलांच्या नकाशांत एकाच जागी लाल खूण आली, तर ती जागा समितीच्या सभेत दाखविता येते. वस्तीवार गट करून मोठ्या मुलाकडे लहानांची सोबत द्यावी. जपानमध्ये शेजारची मुले ठरलेल्या जागी जमून मोठ्या मुलाच्या मागे ओळीने शाळेत जातात, ती रीत आपल्याकडील वस्त्यांसही सहज मानवण्यासारखी आहे. मात्र मोठ्या मुलावर जबाबदारी टाकताना ती पेलण्याजोगी असावी. पाचवीच्या मुलीकडे पाच लहानगी आणि वाटेत ओढा, असे ओझे देऊ नये. तेथे पालकांनीच आळीपाळीने यावे, हे ग्रामसभेत ठरवून घ्यावे.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या शाळेची वस्तीवार नोंद आणावी. वस्तीचे नाव, मुलांची व मुलींची संख्या, कोरड्या दिवसांतील पायवाटेचे अंतर, पावसाळ्यातील अंतर, वाटेतील अडथळा आणि जुलै-ऑगस्टमधील त्या वस्तीची उपस्थिती एवढ्या बाबी त्यात असाव्यात. शेवटची बाब हजेरीपटावरून वस्तीवार काढण्यास एक दुपार पुरते.